मदत हवी आहे : १८८२ सालच्या मार्टिनी-हेन्रीसाठी हाताने भरलेले काडतूस कसे ठरवावे?

नमस्कार.

मी फोंड्याला राहतो. आयटीआयमध्ये टर्नर-फिटरचे काम शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, त्यामुळे लोखंड, माप आणि फरक एवढ्यापुरते मला समजते. नेमबाजी मात्र माझा विषय नाही. प्रश्न माझ्या भाच्याच्या रायफलीचा आहे. तो इंग्लंडात स्विंडनला असतो आणि तिथल्या एका नेमबाजी क्लबचा सभासद आहे. त्याने मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश लष्कराची जुनी एकबारी रायफल (मार्क दोन हा नमुना) घेतली असून तिच्या अंगावर १८८२ साल कोरलेले आहे. अशी जुनी रायफल नुसती भिंतीवर टांगून ठेवायची असेल तर तिथे परवाना लागत नाही, पण तिने बार काढायचा म्हटला की ती रीतसर परवान्यावर चढवावी लागते आणि काळ्या दारूसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या धूर करणाऱ्या बंदुकीच्या दारूसाठी, पोलिसांकडून वेगळा दाखला घ्यावा लागतो. ही दोन्ही कामे त्याने केलेली आहेत. चवथीला तो घरी आला तेव्हा मोजमापांचे सगळे कागद माझ्यासमोर ठेवून गेला, म्हणून हा प्रश्न मी विचारतो आहे.

इथल्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे जुन्या घरांतून माळ्यावर एखादी बंदूक अजून निघते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुनाट शस्त्रांना सूट आहे ती जे दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच शस्त्राला. ‘आजोबांची आहे, गंजलेली आहे’ एवढ्याने ती मिळत नाही. काडतुसे बनवायलाही परवाना लागतो. तेव्हा पुढचे काहीही गोव्यात घरी करून पाहण्यासाठी लिहिलेले नाही.

रायफल खरी आहे ना, हे त्याने आधी पाहिले, आणि ते योग्यच केले. खैबर खिंडीतल्या कारागिरांनी हुबेहूब मार्टिनी बनवल्या आहेत; त्यांवर व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असते, पण खाली साल कधीकधी राणी वारल्यानंतरचे, म्हणजे १९०१ च्या पुढचे, आणि इंग्रजी अक्षरे उलटी पडलेली. नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातला साठा २००३ मध्ये बाहेर विकला गेला, त्यात अस्सल मार्टिनींबरोबर नेपाळातच बनलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. त्या बाहेरून मार्टिनीसारख्याच दिसतात, आतली रचना मात्र वेगळी असते, आणि त्यांतून बार काढू नये असेच जाणकार सांगतात. भाच्याची रायफल इंग्लंडातल्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातली आहे आणि तिथल्या बंदूककाराने तपासून दिली आहे.

आता मापाकडे येतो. मऊ शिशाची गोळी नळीतून हलकेच ठोकून बाहेर काढायची आणि तिच्यावर उमटलेल्या खाचांवरून नळीचे आतले माप घ्यायचे, ही रीत त्याला ठाऊक होती. त्याने साध्या मायक्रोमीटरने मोजले, तर गोळी थोडी फिरवली की आकडा बदले, आणि प्रत्येक आकडा अपेक्षेपेक्षा कमीच. कारण उघड आहे. हेन्रीच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या सात खाचा असतात, आणि सात ही विषम संख्या असल्यामुळे एका उंचवट्याच्या बरोबर समोर दुसरा उंचवटा येत नाही, तर दोन उंचवट्यांमधली सखल जागा येते. सात पात्यांचा रीमर (भोक नेमक्या मापाचे करायचे हत्यार) साध्या मायक्रोमीटरने मोजता येत नाही, हे आम्ही पोरांना वर्कशॉपमध्ये दाखवत असू. त्यासाठी १२८ अंश ३४ मिनिटांची व्ही आकाराची बैठक असलेला मायक्रोमीटर मिळतो. मी त्याला तो मिळवायला लावला. त्याने घेतलेले खाचांमधले माप आता ११.८६ मिलिमीटर येते आणि गोळी कशीही फिरवली तरी हलत नाही. नळीच्या तोंडाशी झीज आहे, पण फारशी नाही.

अडचण यापुढे सुरू होते. मूळ लष्करी काडतुसात ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, बारा भाग शिसे आणि एक भाग कथील यांची गोळी कागदात गुंडाळून बसवलेली असे. ती नळीच्या खाचांपेक्षा बारीक असे आणि मागून काळ्या दारूचा दणका बसला की फुगून खाचांत भरे. हल्ली बहुतेक जण कागदाऐवजी चरबीच्या खाचा असलेली गोळी ओततात, आणि ती नळीच्या मापापेक्षा किंचित मोठी ठेवावी असे सांगतात. भाच्यासमोर दोन साचे आहेत: एक ११.८३ मिलिमीटरचा, दुसरा ११.९४ चा. माझे मत दुसऱ्याकडे झुकते, कारण मोठी गोळी डायमधून, म्हणजे ठराविक भोकाच्या साच्यातून, दाबून ११.८९ पर्यंत आणता येते, पण लहान गोळी मोठी करता येत नाही. मात्र गोळी जाड झाली की काडतुसाचे तोंडही जाड होते, आणि ते रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीत, अडता कामा नये. काडतुसे छऱ्याच्या बंदुकीच्या २४ बोअर मापाच्या पितळी नळकांड्यांपासून घडवलेली आहेत. चेंबरचा ठसा त्याने कमी उष्णतेवर वितळणाऱ्या मिश्रधातूत घेतला आहे. ते मिश्रण आधी आकसते आणि तासाभराने मूळ मापावर येते, म्हणून ते मापही तासाभराने घ्यायला मी सांगितले होते. त्या ठशाप्रमाणे ११.८९ ची गोळी बसवलेल्या तोंडाभोवती जेमतेम ०.०८ मिलिमीटर मोकळी जागा राहते. लेथवरच्या माणसाला हे पुष्कळ वाटते. काळ्या दारूच्या काजळीला ते पुरते का?

दारूचे प्रमाण मूळ ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम, होते. ते पातळ पितळी पत्र्याच्या वळ्याचे काडतूस होते. भाचा ७० ग्रेनपासून सुरुवात करावी म्हणतो, आणि मलाही ते पटते, पण मग आत पोकळी उरते. काळी दारू आणि गोळी यांच्यामध्ये हवा राहिली तर नळी फुगते, याबाबत कोणाचे दुमत दिसत नाही. म्हणून ती जागा भरायलाच हवी. क्लबातले कोणी बारीक रवा घालतात, कोणी कापोकचा कापूस, जो आपल्या सावरीच्या कापसाचाच भाऊबंद आहे. रव्याचे वजन गोळीच्या वजनात मिळते आणि काडतुसाला बाटलीसारखी मान आहे, म्हणून माझे मन कापसाकडे आहे.

क्लबातल्या एका सदस्याने त्याला बिनधुराची (म्हणजे आधुनिक) दारू थोडी घालून बघ, धुण्याचा त्रास वाचेल, असे सुचवले. मला हे अजिबात मान्य नाही. ही रायफल काळ्या दारूसाठी बनवली आहे आणि त्याच दाबासाठी पारखलेली आहे. शिवाय एवढ्या मोठ्या काडतुसात बिनधुराच्या दारूचा चिमूटभर भार तळाशी पडून राहतो. चुकून दोनदा घातला गेला तरी वरून पाहून कळत नाही. काळी दारू काडतूस जवळजवळ भरून टाकते, त्यामुळे ती चूक घडूच शकत नाही. राहिला प्रश्न धुण्याचा, तर गरम पाण्याने नळी धुऊन कोरडी करून तेल लावायला कितीसा वेळ लागतो? काळ्या दारूची राख ओल ओढते. आपल्या पावसाळ्यात ते एका रात्रीत दिसले असते, तिथेही दमट हवा काही कमी नाही.

ज्यांनी मार्टिनी स्वतः वापरली आहे त्यांच्याकडून एवढेच हवे आहे. ११.८६ च्या नळीला ११.८९ ची गोळी द्यावी, की त्याहून बारीक गोळी कागदात गुंडाळून मूळ पद्धतीवर जावे? शिसे आणि कथील यांचे प्रमाण बाराला एक ठेवावे, की वीसला एक इतके मऊ करावे? दारूचा दाणा जाड घ्यावा की मध्यम? आणि ७० ग्रेनवर कापूस किती दाबून भरावा, हलकेच की घट्ट? कृपया उत्तर देताना गोळीचे आणि नळीचे अशी दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये लिहावीत, आणि आपण ती कशी घेतली तेही सांगावे, कारण साध्या मायक्रोमीटरने घेतलेला सात खाचांचा आकडा मला उपयोगी पडणार नाही.