महसुली अपिलाच्या आदेशातली ‘कारणे’ एआयने लिहावीत का? (टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

टिपणीकार: मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये केएमजी वायर्स या कंपनीच्या प्रकरणात प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला. त्यात दाखला म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने काढून दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असं कोर्टाने अर्धन्यायिक (न्यायाधीश नसूनही सुनावणी घेऊन निकाल देणाऱ्या) अधिकाऱ्यांना बजावलं. मी त्याच्या एक पाऊल पुढे जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 247 खालच्या, म्हणजे महसूल अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे केलेल्या, अपिलात रोजनाम्याचा (सुनावणीच्या तारखांच्या नोंदींचा) तारीखवार गोषवारा, जुन्या कागदांचं टंकलेखन एआयकडून घ्या, खुशाल घ्या. ‘कारणे’, म्हणजे निकाल तसा का दिला ते, मात्र अधिकाऱ्यानेच लिहावीत.

बारनिशी: कागदावर छान आहे. मसुदा साहेब लिहितात कुठे? अव्वल कारकून मागचा आदेश उघडतो, नावं आणि गट नंबर बदलतो, साहेब सही ठोकतात. कधी जुना गट नंबर तसाच राहून जातो. यंत्र निदान याच प्रकरणाचे कागद वाचतं.

टिपणीकार: वाचतं, पण कसं ते बघा. वारस नोंदीचा फेरफार, बहिणीचं अपील. मुद्दा एकच: कलम 150(2) ची, म्हणजे फेरफार नोंदीबाबत हितसंबंधितांना द्यायची, नोटीस तिला बजावली होती का? फायलीत नोटिशीची स्थळप्रत (कार्यालयात ठेवलेली प्रत) आहे, पोच (मिळाल्याची सही) नाही. एआय मॉडेल लिहून मोकळं होतं, ‘सर्व हितसंबंधितांना नोटीस बजावण्यात आली.’ असंख्य आदेशांत हे वाक्य याच जागी येतं, म्हणून. नोटीस काढणं वेगळं, बजावणं वेगळं. अख्खं अपील तेवढ्यावर उभं असतं. वाक्य इतकं सफाईदार की वाचणाराही अडखळत नाही.

पोटहिस्सा: त्यात हस्तलिखित सातबाराची भर. 112/2/अ या पोटहिस्स्याचं 112/2 झालं की जमीनच बदलली. अशा कागदावरचं क्षेत्र आणि खातेदार माणसाने मूळ प्रतीवरूनच ताडून घ्यायला हवेत.

बारनिशी: मग शिस्त लावा ना! प्रत्येक विधानापुढे फायलीचा पान क्रमांक. पान नाही ते वाक्य कापा. निवाडा असेल तर न्यायालयाच्या संकेतस्थळावर उघडून तो परिच्छेद स्वतः वाचा. नुसती बंदी घातलीत तर लोक स्वतःच्या मोबाईलवर फाइल चढवतील. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक नको म्हणून परिपत्रक काढलं. खिशातल्या फोनचं काय?

टिपणीकार: पान क्रमांक मान्य. फक्त पान खरं असतं आणि त्यावर ते विधान नसतं, असंही होतं; तेव्हा पान उघडावंच लागणार. माझी खरी अडचण वेगळी. एकाच फायलीवर एकदा ‘अपील मान्य करण्याची कारणे दे’ म्हणा, एकदा ‘फेटाळण्याची’. दोन्ही मसुदे सारखेच खणखणीत येतील. सर्वोच्च न्यायालयाच्या मोहिंदर सिंग गिल प्रकरणापासून (1977) नियम पक्का आहे: आदेश त्यातल्याच कारणांवर तोलला जातो, मागाहून शपथपत्राने नवी जोडता येत नाहीत. निकाल आधी ठरवून कारणं मागून मागवायची, तर सुनावणी घेतली कशाला?

बारनिशी: निकाल आधी ठरवायला एआय लागत नाही हो. पण मग उलट वापरा. साहेबांनी लिहिलेला आदेश आणि अपील मेमो (अपील करणाऱ्याचे लेखी मुद्दे) दोन्ही द्या, आणि कोणत्या मुद्द्याला उत्तरच दिलेलं नाही तेवढं विचारा.

टिपणीकार: त्याला हरकत नाही. फाइल शासनाच्या सर्व्हरबाहेर जाता कामा नये, आणि जो मुद्दा सुटला त्याचं उत्तर पुन्हा साहेबांनीच लिहायचं.