क्लाउडवरच्या मशीनमध्ये टी४ दिसतोय, पण ब्लेंडर उघडत नाही

ओवी_थ्रीडी
एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये जी४डीएन.एक्सलार्ज लावलंय. ४ व्हीसीपीयू, १६ जीबी रॅम, एनव्हीडिया टी४ ग्राफिक्स कार्ड, वर विंडोज सर्व्हर २०२२ आणि १०० जीबीचा जीपी३ व्हॉल्यूम (क्लाउडवरची डिस्क). पुण्यातून विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपने लॉगिन होतं. ड्रायव्हर एनव्हीडियाच्या साइटवरचा, टी४साठीचा टेस्ला. एनव्हीडिया-एसएमआय चालवलं की कार्ड व्यवस्थित दिसतं. पण ब्लेंडर ४.२ हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर उघडायला गेलं की ओपनजीएल ४.३ (पडद्यावर ग्राफिक्स काढायची सोय) चालणारं कार्ड नि ड्रायव्हर हवा असा निरोप येतो आणि खिडकी बंद. गंमत म्हणजे कमांड लाइनवरून कूडावर (कार्डाकडून आकडेमोड करून घ्यायची एनव्हीडियाची सोय) रेंडर होतो. रोज ५-६ तास इंटिरियरचं मॉडेलिंग करायचं आहे. काय चुकतंय? आणि काम झाल्यावर मशीन बंद करताना काय बघायचं?

पडदा_आणि_पिक्सेल
रेंडर होतो यातच उत्तर आहे. एनव्हीडिया-एसएमआयच्या तक्त्यात कार्डाच्या नावाशेजारी बघा, टीसीसी लिहिलेलं असणार. टेस्ला ड्रायव्हर टी४ला त्याच मोडमध्ये ठेवतो. टीसीसीत कार्ड फक्त आकडेमोड करतं, पडद्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून कूडा चालतं आणि ओपनजीएलच्या वाट्याला मायक्रोसॉफ्टचा बेसिक डिस्प्ले येतो. तक्त्यात टीसीसीच्या जागी डब्ल्यूडीडीएम, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा मोड, दिसायला हवं.

तुम्हाला ग्रिड, म्हणजे एनव्हीडियाचा ग्राफिक्ससाठीचा, ड्रायव्हर लागेल. ईसी२ (एडब्ल्यूएसची भाड्याची मशीनं) वापरणाऱ्यांसाठी तो एस३च्या (एडब्ल्यूएसची फाइल साठवण्याची सेवा) 'ईसी२-विंडोज-एनव्हीडिया-ड्रायव्हर्स' या बकेटमध्ये ठेवलेला असतो. लायसन्स वेगळं घ्यावं लागत नाही. आधी मशीनला एस३ वाचायची परवानगी असलेला आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधला परवानग्यांचा संच) जोडा, मग 'लेटेस्ट' फोल्डरमधली फाइल उतरवा. टेस्ला ड्रायव्हर काढून रीबूट, ग्रिड टाकून पुन्हा रीबूट. यातला पहिला रीबूट बरेच जण गाळतात आणि मग दोन ड्रायव्हरांची खिचडी निस्तरत बसतात. शेवटी एनव्हीडिया-एसएमआय -क्यू चालवा. प्रॉडक्टच्या ओळीत आरटीएक्स व्हर्च्युअल वर्कस्टेशन आणि लायसन्स स्टेटसपुढे लायसन्स्ड आलं की ड्रायव्हरचं काम झालं. मगच डिव्हाइस मॅनेजरमधून बेसिक डिस्प्ले अडॅप्टर डिसेबल करा, आधी नाही.

रिमोट डेस्कटॉपवरच राहायचं असेल तर ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली रिमोट सेशन एन्व्हायर्न्मेंट आहे. त्यात सगळ्या सेशनना हार्डवेअर ग्राफिक्स अडॅप्टर वापरू देणारी पॉलिसी एनेबल करून रीबूट करा. ब्लेंडर उघडेल. पण आरडीपी (हाच रिमोट डेस्कटॉप) मूळ सेटिंगवर सेकंदाला ३० फ्रेमच्या वर जात नाही, आणि व्ह्यूपोर्ट फिरवताना ते जाणवतं. दिवसाचे सहा तास त्यात घालवू नका, डीसीव्ही (ॲमेझॉनचं दूरच्या मशीनचा पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका.

तार_नसलेला
डीसीव्हीबद्दल पुढचं. ईसी२वर त्यालाही वेगळे पैसे नाहीत, मात्र सर्व्हर आपलं लायसन्स एस३मधून तपासतो. म्हणजे वरचा आयएएम रोल ड्रायव्हर उतरवून झाला म्हणून काढून टाकू नका, त्यात डीसीव्हीच्या लायसन्स बकेटची परवानगी राहू द्या. विंडोजवर इन्स्टॉल करतानाच कन्सोल सेशन (मशीनच्या मुख्य पडद्याचं) तयार होतं.

सिक्युरिटी ग्रुपमध्ये (मशीनची फायरवॉल) ८४४३ हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा, तोही फक्त तुमच्या आयपीला, /३२ (म्हणजे तेवढा एकच पत्ता) लावून. यूडीपी विसरलात तर जोडणी होईल, पण क्विकवर (यूडीपीवरून चालणारी वेगवान जोडणी) नाही, आणि ब्रॉडबँडवर थोडी पॅकेट गळाली की चित्र अडखळेल. ब्राउझरमधून उघडलं तर क्विक मिळतच नाही, त्यासाठी डीसीव्हीचा स्वतंत्र क्लायंट घ्या. राउटर बंद-चालू झाल्यावर घरचा आयपी बदलतो. सकाळी 'कनेक्ट होत नाही' म्हणून सर्व्हर खोदण्याआधी सिक्युरिटी ग्रुपमधला आयपी बघा.

मुंबई रीजन निवडलंत ते बरं केलंत. व्हर्जिनिया स्वस्त दिसतं, पण तिथून जाऊन येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या घरात जातात. माउस हलवल्यावर व्हर्टेक्स (मॉडेलचा बिंदू) मागाहून येतो, मॉडेलिंग अशक्य.

ओवी_थ्रीडी
डब्ल्यूडीडीएम आलं, लायसन्स्ड आलं, ब्लेंडर उघडलं. डीसीव्हीवर चित्रही छान. पण मधलं बटण धरून व्ह्यू फिरवला की कडेला जाऊन एकदम उडी मारतो.

तार_नसलेला
ब्लेंडर कर्सर कडेला पोचला की दुसऱ्या बाजूला नेऊन सोडतो. रिमोटवर मात्र क्लायंट माउसची खरी जागा पाठवत राहतो, म्हणून दोघांची ओढाताण. डीसीव्हीत कंट्रोल+शिफ्ट+एफ८ दाबा, रिलेटिव्ह माउस मोड सुरू होईल. त्रास नको असेल तर ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली कंटिन्युअस ग्रॅब बंद करा.

हिशेबी
आता बंद करण्याचं. या मशीनसोबत १२५ जीबीची एनव्हीएमई डिस्क येते. रीबूटला ती टिकते, स्टॉप केलं की कोरी. ब्लेंडरची टेंपररी फाइल नि कॅश तिथे जरूर ठेवा, .ब्लेंड फाइल चुकूनही नाही. शिवाय ऑटोसेव्हही टेंपररी फोल्डरमध्येच जातो, हे लक्षात असू द्या.

स्टॉप केल्यावर मशीनचं तासाचं बिल थांबतं. ईबीएस व्हॉल्यूमचं (तुमची ती १०० जीबीची डिस्क) चालू राहतं, आणि इलॅस्टिक आयपी (मशीनचा न बदलणारा सार्वजनिक पत्ता) ठेवला असेल तर त्याचंही. फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ला तासाला अर्धा सेंट लागतो, महिन्याला साधारण साडेतीन डॉलर.

सीपीयू ५ टक्क्यांखाली गेला की स्टॉप कर असा क्लाउडवॉच (एडब्ल्यूएसची देखरेख सेवा) अलार्म लोक हौसेने लावतात. जीपीयूवर रेंडर चालू असताना सीपीयू जवळपास रिकामा असू शकतो, आणि अलार्म मध्यरात्री चालता रेंडर मारतो. त्यापेक्षा रेंडरच्या बॅच फाइलमध्ये शेवटची ओळ शटडाउन /एस /टी ३०० घाला. मशीनच्या सेटिंगमध्ये आतून केलेल्या शटडाउनला 'स्टॉप' आहे ना, 'टर्मिनेट' नाही ना, एवढं एकदा बघून ठेवा.

आणखी एक. स्टॉप केलेलं मशीन सकाळी सुरू होईलच याची हमी नसते. त्या झोनमध्ये (रीजनचा एक स्वतंत्र भाग) जी४डीएन शिल्लक नसेल तर अपुऱ्या कपॅसिटीची एरर येते. व्हॉल्यूम एका झोनला बांधलेला असतो, म्हणून सगळं बसवून झालं की एएमआय (अख्ख्या मशीनची नक्कल) काढून ठेवा. त्यावरून शेजारच्या झोनमध्ये दुसरं मशीन उभं करता येतं. पहिल्यांदा ते रखडत चालेल, कारण डेटा स्नॅपशॉटमधून लागेल तसा ओढला जातो.

पडदा_आणि_पिक्सेल
डीसीव्ही बसवल्यावर त्याच युजरने आरडीपीने आत शिरू नका. आरडीपी कन्सोलचं सेशन स्वतःकडे ओढतं आणि डीसीव्हीवर नुसता लॉगिनचा पडदा उरतो. शिरलातच तर त्या आरडीपी खिडकीत ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून टीएससीकॉन, पुढे तुमच्या सेशनचा नंबर आणि /डेस्ट:कन्सोल द्या. खिडकी तुटेल, ते अपेक्षितच आहे. मग डीसीव्हीने जोडा. सेशनचा नंबर क्वेरी सेशनमध्ये दिसतो.