मदत हवी आहे: सायकलच्या टायरमध्ये हवा नेमकी किती ठेवू?

हायब्रिड सायकल घेऊन दोन महिने झाले. टायर ७०० x ३५ सी (म्हणजे साधारण ३५ मिमी रुंद), आत ट्यूब, व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक, लांबट तोंडाचा). टायरच्या कडेवर ५० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलंय. माझं वजन ७८ किलो, सायकल १४ किलो, सामान काही नेत नाही. रोज १२ किलोमीटर; बहुतेक डांबरी, मधला दोनेक किलोमीटरचा पट्टा खडीचा.

आधी दोन्ही चाकांत ७५ भरली. डांबरावर छान पळाली, पण खडीवर हँडल इतकं थरथरायचं की मनगटं दुखायला लागली. मग दोन्हीकडे ५० वर आणली. आराम वाटला, पण चौथ्या दिवशी खड्ड्यात आपटून मागची ट्यूब गेली. काढून पाहिली तर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या. टायरच्या आतून बोट फिरवून पाहिलं, काटा-काच काही नाही. म्हणजे रिमखाली ट्यूब चिमटली असणार.

अंगठ्याने दाबून बघण्यावर माझा आता विश्वास नाही. ५० आणि ७५ दोन्ही सारखेच कडक लागतात. मीटरवाला उभा पंप आहे, आठवड्यातून एकदा हवा तपासतो.

वजन मागे जास्त पडतं, म्हणून पुढे ५५ आणि मागे ६५ ठेवायचा विचार आहे. टायर बदलायचे नाहीत, आहेत त्यातच जमवायचंय. माझ्या वजनाला हे आकडे बरोबर वाटतात का, की मागे आणखी वाढवू? आणि पंपाची नळी काढताना फुस्स होतं, ती हवा टायरमधली जाते की फक्त नळीतली?