ब्रह्मदेशातून आलेला जपानी खंजीर : अस्सलपणा आणि किंमत कशी ठरवावी?

चोपडेकर :
नमस्कार. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तेथून परतताना त्यांनी आणलेला जपानी खंजीर आजही आमच्या चोपड्याच्या घरी जपून ठेवलेला आहे. पाते सुमारे २७ सेंटिमीटर लांब, मुठीवर खरखरीत पांढऱ्या कातड्यावर रेशमी दोऱ्याची वीण आणि लाकडी म्यानावर काळे लाखकाम, असे त्याचे स्वरूप आहे. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने १५ हजार रुपये देऊ केले आहेत. दुसऱ्याच्या मते ही युद्धकाळात कारखान्यातून निघालेली सामान्य वस्तू आहे. दाखवण्यापूर्वी चिंचेने घासून, धार लावून तो लखलखीत करावा, असा घरच्यांचा आग्रह आहे. खंजीर खरोखर जुना आहे का, हे कशावरून ओळखावे?

भुसावळकर :
चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर यांपैकी काहीही त्या पात्याला लागू देऊ नका, आणि धार लावणाऱ्याच्या चाकावर तर ते मुळीच धरू नका. धातूंच्या उष्मोपचाराच्या कामात माझी नोकरी गेली, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे. जपानी लोहार पाणी देण्यापूर्वी, म्हणजे तापवलेले पाते पाण्यात बुडवून कठीण करण्यापूर्वी, पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. त्यामुळे धार झपाट्याने थंड होऊन कठीण बनते, पाठ मात्र चिवट राहते, आणि या दोहोंच्या सीमेवर जी पांढरट रेषा उमटते तिला हामोन म्हणतात. रात्री खोलीत एकच दिवा ठेवून पाते हळूहळू तिरपे करत पाहा. अस्सल हामोनची कड धुक्यासारखी विरत जाते आणि तीत कधीकधी चांदीचे बारीक कण चमकतात. आम्लाने कोरलेली नकली रेषा सगळीकडे सारखीच, सपाट आणि मंद दिसते. ही रेषा टोकापाशी वळून पाठीकडे जाते का, तेही पाहा. ती टोकाच्या आधीच धारेवरून निसटत असेल, तर टोक मोडल्यावर पाते पुन्हा घडवलेले असण्याची शक्यता मोठी. धारेला आडवी, केसासारखी चीर असेल तर मूल्य फार घसरते. चाकाच्या उष्णतेने धारेचे पाणी उतरू शकते, आणि एकदा उतरलेले पाणी कोणताही कारागीर जसेच्या तसे परत आणू शकत नाही.

खरा पुरावा मुठीच्या आत असतो. मुठीत बांबूची एक खुंटी असेल. ती निमुळती असते, म्हणून बारीक बाजूकडून लाकडी काडीने हलकेच ढकला. मग पाते उभे धरून, मूठ धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हळू ठोके दिले की ते सैल होते. आतल्या दांड्यावरचा, म्हणजे पात्याच्या मुठीत बसणाऱ्या भागावरचा, गंज पुसू नका.

चोपडेकर :
आभारी आहे. आपण सांगितल्याप्रमाणे मूठ काढली. दांड्यावर काळपट तपकिरी, गुळगुळीत गंज आहे, खुंटीचे एकच छिद्र आहे, आणि एका बाजूला चार अक्षरे कोरलेली दिसतात. दुसरी बाजू कोरी आहे. हामोनची कड विरत जाणारीच दिसली.

अमळनेरकर :
काळपट, एकसारखा गंज ही आशादायक खूण आहे, कारण ताजा गंज तांबूस आणि सुटा असतो. सुमारे ३० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीच्या पात्याला जपानमध्ये तान्तो म्हणतात; तुमचे पाते त्या मापात बसते. मात्र अक्षरे आहेत म्हणून हुरळून जाऊ नये. नामवंत लोहारांच्या खोट्या सह्या कोरण्याची प्रथा तिथे कित्येक शतके चालत आली, त्यामुळे सही नसलेले चांगले पाते खोट्या सहीच्या पात्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते. सही वाचून घ्यावी, परंतु तिच्यावर विश्वास पाते पाहिल्यानंतरच ठेवावा.

दुसऱ्या व्यापाऱ्याचे मतही तपासून पाहावे लागेल. महायुद्धातील अनेक पाती कारखान्यात बनली, त्यांतील काहींच्या दांड्यावर छोटा ठसा असतो आणि त्यांना पाण्याऐवजी तेलात थंड केलेले असे. पण काही जपानी अधिकारी घराण्यातील जुनी पातीच नव्या मुठीत आणि म्यानात बसवून आघाडीवर नेत. म्हणून मूठ आणि म्यान यांवरून पात्याचे वय ठरत नाही.

जळगावकर :
किमतीविषयी. तोक्योमधील जपानी तलवारींच्या जतनासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्या पात्याला बाजारात सर्वाधिक विश्वास मिळतो. पण त्यासाठी पाते तिकडे पाठवावे लागते, आणि तुमच्यासाठी तो मार्ग जवळपास बंद आहे : भारतातील १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे दांड्याच्या दोन्ही बाजूंची, हामोनची आणि टोकाची छायाचित्रे तिरप्या उजेडात, मोजपट्टी शेजारी ठेवून काढावीत आणि तज्ज्ञांकडे तीच पाठवावीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जपानी कलावस्तूंचा संग्रह आहे, तेथेही विचारणा करता येईल. ९ इंचांपेक्षा लांब पात्याची शस्त्रे शस्त्रनियमांच्या कक्षेत येतात आणि २७ सेंटिमीटर म्हणजे १० इंचांहून अधिक, तेव्हा आपल्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्यावी. आजोबांची सैन्यातील कागदपत्रे असतील तर ती खंजिराबरोबरच ठेवा, खरेदीदार ती मागतोच. सही वाचली जाईपर्यंत १५ हजारांचा सौदा करू नका. तोवर पात्याला हलके खनिज तेल अगदी पातळ लावून ठेवा, आणि आत्ताच्या पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी ते पाहत जा.