मदत हवी आहे: समुद्रतळाचे चुंबकीय पट्टे वर्गात कसे दाखवावेत?

नववीला भूखंडवहन शिकवताना कागदी खंड जुळवले, मेसोसॉरस (सरपटणारा प्राणी) आणि ग्लॉसोप्टेरिस (वनस्पती) यांचे जीवाश्म सांगितले की मुलं लगेच 'पटलं' म्हणतात. घोळ तिथेच आहे. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर 1912 पासून हेच मांडत होता, तरी बहुतेक भूवैज्ञानिक बधले नाहीत, कारण खंड सरकवणारं पुरेसं बळ त्याला दाखवता आलं नाही. पारडं फिरवण्यात मोठा वाटा 1963 मध्ये उलगडा झालेल्या चुंबकीय पट्ट्यांचा, म्हणजे समुद्रतळाच्या भेगेतून वर येऊन दोन्हीकडे सरकणाऱ्या खडकात गोठलेल्या, आलटूनपालटून उलट चुंबकीय दिशेच्या पट्ट्यांचा. तेच हाताने करून दाखवायचंय.

दोन टेबलांमधल्या फटीतून दोन कागदी पट्ट्या वर ओढून दोन्हीकडे सरकवतो. डिंकात लोखंडाचा कीस मिसळून पाहिला. मऊ लोखंड चुंबकत्व धरत नाही, होकायंत्र ढिम्म. मग हॅकसॉ ब्लेडचे 5 सेंमी तुकडे पट्टीचुंबकाने घासून फटीला समांतर, ध्रुव आलटूनपालटून चिकटवले. चुंबकत्व टिकतं, पण 2 सेंमी अंतरावर शेजारचे तुकडे सुई भरकटवतात. टेबलं लाकडी आहेत, आसपास लोखंड नाही. फ्रिजवरची चुंबकपट्टी सुचवू नका, तिच्यात मुळातच बारीक आलटूनपालटून ध्रुव असतात.

प्रोजेक्टर नाही, तास 35 मिनिटांचा. साध्या होकायंत्रावर दिशाबदल स्वच्छ दिसायला तुकड्यांत किती अंतर आणि सुई किती उंचीवर ठेवावी?