ऑगस्ट १९१४: स्टोलिपिनची पानं गाळली तर बिघडलं कुठे?

पानगळ:
सोल्झेनित्सिनची ही कादंबरी तीन महिने उशाशी आहे. पहिल्या महायुद्धातली टॅनेनबर्गची लढाई अक्षरशः अंगावर आली. रशियन सेनापती सामसोनवचं सैन्य उपाशी, चालून चालून मोडलेलं. बिनतारी संदेश उघड्या भाषेत चाललेत आणि जर्मन ते निवांत ऐकतायत. शेवटी हा सेनापती रात्री जंगलात सोबत्यांपासून बाजूला होतो आणि स्वतःला गोळी घालतो. तिथे पुस्तक मिटून नुसता बसून होतो.

पुढे कथा एकदम १९११ मध्ये! रशियाचा पंतप्रधान स्टोलिपिन, दुमा म्हणजे तिथली संसद, शेतजमिनीचे कायदे, तेही बारीक टायपात. १९७१ च्या मूळ आवृत्तीत हे नव्हतंच, नंतर घातलं. गाळू का?

दुर्बीण:
अजिबात नाही. स्टोलिपिनच्या कायद्यामुळे १९०६ पासून शेतकऱ्याला गावाच्या सामाईक जमिनीतून आपला हिस्सा वेगळा काढता येऊ लागला. हा माणूस टिकला असता तर रशिया वाचला असता, असं लेखकाला वाटतं. ते वगळलंत तर हातात फक्त एक हरलेली लढाई उरते.

खडूस_वाचक:
हिस्सा दिसला, फास नाही दिसला? त्याच्या बंगल्यावर बॉम्ब पडला, पोरगी जायबंदी झाली, सगळं मान्य. पण त्यानंतरची लष्करी न्यायालयं बघा: दोन दिवसांत निकाल, चोवीस तासांत शिक्षा. काही महिन्यांत हजारावर माणसं संपवली. फासाच्या दोराला लोक 'स्टोलिपिनचा टाय' म्हणायचे ते उगाच नाही. कादंबरीकाराने वकीलपत्र घेतलं की मी पानं उलटतो.

दुर्बीण:
वकीलपत्र घेतलंय, नाकारत नाही. पण कीव्हच्या नाट्यगृहाचं काय? मारेकरी बोग्रोव पोलिसांनीच दिलेल्या तिकिटावर आत शिरतो आणि मध्यंतरात स्टोलिपिनवर गोळ्या झाडतो. झार त्याच इमारतीत! कुणी मनाने रचलं असतं तर आपणच म्हटलं असतं, 'काहीही हं!'

चहाबाज:
मी तर नावांतच अडकलो. एकाच माणसाला तीन नावं.

दुर्बीण:
अहो, मराठी माणसाला हे अवघड? सामसोनवचंच घ्या: अलेक्सांद्र वासिल्येविच म्हणजे वासिलीचा मुलगा. रेशनकार्डावर आपण वेगळं काय लिहितो?

खडूस_वाचक:
आणि एक गंमत. बारीक टायपाच्या आधी लेखकच सांगतो की फारच हौस असेल त्यानेच वाचावं, बाकीच्यांनी खुशाल पुढच्या प्रकरणाला जावं.

पानगळ:
मग प्रश्नच मिटला. कीव्ह वाचतो, बारीक टायप गाळतो.

दुर्बीण:
नेमका तोच मी दोनदा वाचलाय. असो.