ॲकॅडमिक इंग्लिशसाठी शब्दांची यादी पाठ करणं म्हणजे वेळेची नासाडी

कागदी_घोडा:
स्पष्टच बोलतो, राग मानू नका. भाषा-अभ्यासक कॉक्सहेड बाईंची ती २००० सालची ॲकॅडमिक वर्ड लिस्ट आहे ना, म्हणजे अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणाऱ्या शब्दांची, ५७० शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब), ती मी तीन महिने रोज फ्लॅशकार्डवर घोटली आणि पेपर लिहायला बसलो तर 'रिसर्च'ला 'डू' लावू का 'मेक' इथेच घोडं अडलं. लावायचं होतं 'कंडक्ट'. तो शब्द यादीत होता, अर्थ पाठ होता, पण ऐनवेळी सुचला तर शप्पथ! त्यापेक्षा तेवढा वेळ आपल्या विषयाचे पेपर वाचले असते.

घोकंपट्टी_झिंदाबाद:
मग चूक यादीची का तुझी? ३५ लाख शब्दांचा मजकूर चाळून काढलेली यादी आहे ती, कला वाणिज्य कायदा विज्ञान सगळं धरून, आणि अशा लिखाणात दर १० शब्दांत साधारण १ तिच्यातला निघतो. आधी मी दर ओळीला डिक्शनरी उघडायचे, मूळ मुद्दा काय होता तेच विसरायचे. यादीनंतर निदान सलग वाचता यायला लागलं. लिहिता येईल असं कोणी सांगितलं होतं तुला?

अर्धवट_थिसिस:
घोड्याला अनुमोदन. हायलंड आणि त्से या भाषा-अभ्यासकांनी २००७ मध्ये हाच आक्षेप घेतला होता, की एकच शब्द प्रत्येक विषयात वेगळा वागतो. 'व्हॉल्यूम' केमिस्ट्रीत आकारमान आणि लायब्ररीत खंड. माझी फजिती तर 'सिग्निफिकंट'नी केली, मी आपलं 'महत्त्वाचा' समजून दोन ठिकाणी लिहून मोकळा, गाईडनी लाल गोल करून विचारलं टेस्ट कुठली केलीस, पी व्हॅल्यू कुठंय. संशोधनात तो शब्द म्हणजे संख्याशास्त्राच्या चाचणीत निव्वळ योगायोग वाटत नाही असा निकाल, आणि पी व्हॅल्यू हा त्या चाचणीचा आकडा. कार्डाच्या मागे हे नसतं हो.

घोकंपट्टी_झिंदाबाद:
@अर्धवट_थिसिस हे पटलं. पण नुसतं वाचून येतं म्हणणाऱ्यांनी हिशोब करा, शब्दसंग्रहाचे अभ्यासक नेशन यांच्या २००६ च्या अंदाजानुसार मदतीशिवाय इंग्रजी मजकूर वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. वाचता वाचता ती सगळी भेटायची वाट बघत बसलो तर डिग्री गेली उडत. आणि खरं सांगा, वाचताना अडलेला शब्द आपण अंदाजाने ढकलून पुढे जातोच ना?

पानभर_मार्जिन:
मी कार्डावर एकटा शब्द लिहितच नाही. पेपरात दिसलेलं अख्खं वाक्य उतरवते आणि शब्दाच्या जागी रेघ मारते. त्यातून कळलं की 'सजेस्ट' म्हणजे दरवेळी सुचवणं नाही, 'रिझल्ट्स सजेस्ट' म्हणजे निकालांवरून तसं दिसतंय, एवढंच. त्याआधी मी जिथे तिथे 'प्रूव्ह' ठोकायचे, जणू प्रत्येक प्रयोगात न्यूटनच अवतरलाय. वाक्यं पेपरातली, शब्द निवडताना मात्र यादी उघडी असते.

कागदी_घोडा:
म्हणजे शेवटी पेपर वाचूनच ना! रेघेची आयडिया ढापतोय पण. धाग्याचं नाव बदलणार नाही.